दिवाळीच्या ऑर्डरी, तुमचा फोन आणि गिऱ्हाइकाचा नंबर



दिवाळीच्या तयारीवरचे आपले आधीचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. भाजणीचा खर्च कसा काढायचा, पॅकिंगला किती धरायचं, भाव कधी ठरवायचा, हे सगळं झालं. या आठवड्याच्या व्हिडिओत मात्र माल बाजूला ठेवून फोनबद्दल बोललो. वेळ कमी पडला, म्हणून बरंच काही इथे सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा आणि निवांत वाचा.

आधी एका ताईंची गोष्ट सांगतो. नाव आणि गाव सांगत नाही, त्यांनीच तशी अट घातली आहे. घरगुती फराळाचा धंदा, दुसरंच वर्ष. बचत गटातून कर्ज काढून डाळी, तेल, तूप भरलेलं. दिवाळीच्या तीन आठवडे आधी फोन आला. समोरचा माणूस अगदी अदबीने, हिंदीत बोलत होता. म्हणाला, मी लष्करात आहे, आमच्या युनिटला जवानांसाठी ४० किलो फराळ हवा आहे. किलोला सरासरी ५०० धरले तर २०,००० ची ऑर्डर. घरून धंदा करणाऱ्या बाईला एका फोनवर २०,००० ची ऑर्डर म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्याने घासाघीसही केली नाही. (इथेच पहिली शंका यायला हवी होती. ४० किलोचं गिऱ्हाईक भाव कमी करा म्हणत नाही, असं कधी पाहिलंय का?)

विश्वास बसावा म्हणून त्याने ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला फोटो पाठवला. ताईंकडेही आधार कार्डाचा फोटो मागितला. "गेटपास करायला लागेल," म्हणाला. त्यांनी दिला. मग म्हणाला, निम्मा ॲडव्हान्स, १०,००० रुपये, आमचा अकाउंट विभाग आत्ता पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. ताईंनी स्कॅन केला, पिन टाकला, आणि १०,००० रुपये गेले. जमा नाही, वजा. ताई घाबरल्या, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टीमची चूक झाली, आता २०,००० चा क्यूआर पाठवतो, दोन्ही एकदम परत येतील." त्यांनी तोही स्कॅन केला. माणूस घाबरला की असंच होतं, त्यात त्यांचा भोळेपणा वगैरे काही काढू नका. वाचल्या कशामुळे, तर खात्यात तेवढे पैसेच उरले नव्हते. धंद्यासाठी वेगळं खातं उघडलं होतं, त्यात १३,००० होते. त्यातले ३,००० राहिले. घरातली पुंजी दुसऱ्या बँकेत होती, ती या फोनला जोडलेलीच नव्हती.

आता यातून एकेक गोष्ट सोडवून बघू.

पहिली गोष्ट, जी मी प्रत्येक बॅचमध्ये फळ्यावर लिहितो: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. यूपीआयचा पिन म्हणजे तुमच्या तिजोरीची किल्ली. कुणी पैसे आणून दिले तर आपण तिजोरीची किल्ली त्याच्या हातात देतो का? क्यूआर स्कॅन करणारा पैसे देतो, क्यूआर दाखवणारा पैसे घेतो. भाजीवाल्याकडे तुम्ही रोज हेच करता. फक्त ऑर्डरच्या आनंदात उलटं वाटायला लागतं. पूर्वी क्यूआरऐवजी "रिक्वेस्ट" पाठवायचे, आपण "पे" दाबायचो आणि पैसे जायचे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. पण क्यूआर आहेच, लिंक आहेच, आणि चोराला सोंगांची कमी नाही.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. तो फोटो खोटा तरी असतो, नाहीतर आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो. आणि ताईंनी दिलेलं आधार? ते उद्या दुसऱ्या कुणाला विश्वासात घ्यायला वापरलं जाणार. म्हणजे नुकसान १०,००० वर संपत नाही. आधारची प्रत द्यायचीच वेळ आली तर मास्क्ड आधार द्या. आधारच्या अधिकृत साइटवरून डाउनलोड होतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. आणि प्रतीवर पेनाने आडवं लिहा: कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख. आपल्या आईवडिलांना तहसीलमध्ये कागद देताना हे कुणी शिकवलं नाही, आपण तरी शिकू. आणि फराळ पोचवायला गेटपास लागतच असेल, तर तो गेटवर होईल, व्हॉट्सॲपवर नाही.

तिसरी गोष्ट, वेगळं खातं. ताईंना वाचवलं ते हुशारीने नव्हे, या सवयीने. धंद्याचं खातं वेगळं ठेवा, यूपीआय त्यालाच जोडा, आणि आठवड्यातून एकदा शिल्लक मुख्य खात्यात हलवा. हिशेबाला सोपं जातं म्हणून मी हे आधीपासून सांगतोच. आता दुसरं कारणही कळलं.

सणात पैसे येतात तेव्हाची गडबड

स्टॉलवर गर्दी असते. समोरचा मोबाईल पुढे करतो, हिरवी टिक दाखवतो, "काकू, पाठवले हं", आणि निघून जातो. हिरवी टिक दाखवणारी खोटी ॲप्स असतात. स्क्रीनशॉट तर शाळेतलं पोरही बनवेल. तेव्हा नियम एकच: समोरच्याच्या फोनवर काय दिसतं ते बघायचं नाही, आपल्या खात्यात काय आलं ते बघायचं. साउंडबॉक्स असेल तर तो बोलला का? नसेल तर स्वतःच्या ॲपमधली यादी उघडा. बँकेचा एसएमएस म्हणून जो येतो तोही नीट बघा. साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून "क्रेडिटेड" असा मेसेज आला, तर तो बँकेने पाठवलेला नाही.

यातलाच पुढचा प्रकार. "ताई, ५०० पाठवायचे होते, चुकून ५,००० गेले, बाळ दवाखान्यात आहे, ४,५०० परत करा ना." रडका आवाज, घाई, आणि खोटा मेसेज. खात्यात काही आलेलंच नसतं. पण कधी कधी खरंच आलेलं असतं! आणि ते जास्त धोक्याचं. ते पैसे दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असू शकतात. तुम्ही चांगुलपणाने ते सांगितलेल्या भलत्याच नंबरवर पाठवता, आणि महिनाभराने पोलिसांच्या तक्रारीवरून तुमच्याच खात्यातली रक्कम गोठते. सणाच्या तोंडावर खातं गोठलं तर किराणावाल्याला काय सांगाल? म्हणून जास्तीचे पैसे खरोखर आले असतील तर समोरच्याला सांगा: "तुमच्या बँकेत तक्रार करा, मी माझ्या बँकेत कळवते, बँकेमार्फत परत होतील." खरा माणूस चिडेल, पण ऐकेल. आणि दर व्यवहाराचं बिल ठेवा, साध्या पावती-पुस्तकावर का असेना. खातं अडकलंच, तर "हे पैसे चकलीचे आहेत" हे दाखवायला तेच कामी येतं.

आणि हो, "तुमचं चालू खातं दोन महिने वापरायला द्या, दर महिन्याला कमिशन देतो" असं कुणी म्हणालं, मग तो नात्यातला का असेना, तर नाही म्हणा. अशी भाड्याची खाती चोरीचे पैसे फिरवायला वापरतात, आणि नोटीस येते ती खात्यावर ज्याचं नाव आहे त्याला.

क्यूआरचा स्टिकर स्टॉलच्या बाहेरच्या बाजूला लावलाय? रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव तपासा. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रात्रीत कुणीतरी अनेक दुकानांच्या, अगदी पेट्रोल पंपाच्याही, क्यूआरवर स्वतःचे स्टिकर चिकटवून गेलं होतं. गिऱ्हाइकं पैसे देत होती, पण ते मालकाला मिळत नव्हते. रात्री स्टॉल बंद करताना क्यूआरची पाटी आत घेणे, हा याला सर्वात स्वस्त उपाय. एक रुपयाही खर्च नाही.

तुम्हीसुद्धा गिऱ्हाईकच आहात

सणात आपण विकतो तसं घेतोही. डबे, रिबिनी, पणत्या, कंदिलाचे सांगाडे, कपडे. इन्स्टाग्रामवर "डायरेक्ट फॅक्टरी रेट" अशा जाहिराती या काळात रांगेने येतात. तुळशीबागेत जी वस्तू १२० ला आहे ती तिथे ३५ ला. माझा अनुभव सांगतो: मी स्वतः एकदा वर्कशॉपसाठी २०० फोल्डर अशाच एका पेजवरून मागवले. पूर्ण पैसे आधी भरले. पेज आठ दिवसांत गायब! त्या वेळी मी लोकांना "खरेदी कशी करावी" शिकवत होतो, हे विशेष.

तेव्हापासून मी तीन गोष्टी बघतो. साइटवर किंवा पेजवर विकणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा संपर्क आहे का. २०२० च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक नियमांनुसार हे द्यायलाच लागतं, तेव्हा नसेल तर सोडून द्या. जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघतो, कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं, फुकट दिसतं. आणि पहिली ऑर्डर छोटी. २०० डबे हवे असतील तर आधी १० मागवा. घाई करणारा विक्रेता "ऑफर आज रात्रीपर्यंतच" म्हणेल. म्हणू दे.

कार्डाने पैसे भरत असाल तर एक दिलासा आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना आणि साइटना तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, त्याऐवजी टोकन वापरतात. पण हे प्रामाणिक साइटला लागू. चोराच्या साइटवर तुम्ही स्वतः नंबर, सीव्हीव्ही आणि ओटीपी टाकलात, तर टोकन काय करणार?

फसवे मेसेज तर सणात पावसासारखे येतात. "तुमचं पार्सल अडकलं आहे, पत्ता अपडेट करा, ५ रुपये भरा." ऑर्डरी कुरिअरने पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांना ते खरंच वाटतं, कारण आपलं एखादं पार्सल कुठेतरी अडकलेलं असतंच! लिंक दाबू नका, कुरिअर कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन पावतीचा नंबर टाका. कुणी फोनवर "स्टार, मग हे आकडे डायल करा, डिलिव्हरी बॉयचा नंबर मिळेल" म्हणालं तर अजिबात करू नका. तशा कोडने तुमचे फोन दुसऱ्याच्या नंबरवर वळवले जातात, मग फोनवर येणारे ओटीपीही त्याच्याकडे. शंका आली तर ##००२# डायल करा, सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. आणि व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाइल आली, दिवाळी गिफ्ट म्हणून, लग्नपत्रिका म्हणून, गाडीचं चलन म्हणून, तरी उघडू नका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. ते फोनमध्ये बसलं की तुमचे मेसेज वाचायला लागू शकतं.

आता माझी चूक

हा भाग व्हिडिओत मी घाईत आटोपला, खरं तर सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका बॅचच्या ६०-७० जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. नेहमीप्रमाणेच. कुणाला विचारलं नाही, सगळेच करतात. दोन आठवड्यांनी एका मुलीचा फोन आला. ग्रुपमधून कुणीतरी तिचा नंबर उचलला होता आणि रात्री-अपरात्री मेसेज करत होता. तिने नंबर बदलला. तो नंबर तिच्या मेंदीच्या धंद्याचा होता, कार्डावर छापलेला. दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर तिची जुनी गिऱ्हाइकं तुटली. मी माफी मागितली, पण माफीने गिऱ्हाइकं परत येत नाहीत.

आता तुम्ही काय करता? "दिवाळी फराळ २०२५" नावाचा ग्रुप, त्यात सोसायटीतल्या १२० बायका. प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला, आणि त्यात कुणी नवरा, भाऊ, अनोळखी माणूस घुसला तर त्यालाही. ग्रुप करू नका. ब्रॉडकास्ट लिस्ट करा: मेसेज प्रत्येकीला स्वतंत्र जातो, एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. फक्त गिऱ्हाइकाने तुमचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो, आणि एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात. त्यापेक्षा जास्त असतील तर व्हॉट्सॲप चॅनल बघा, तिथेही एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

दुसरं म्हणजे ते स्टेटस! "आजचं डिस्पॅच" म्हणून २० पार्सलांचा फोटो. मला आनंदच होतो बघून. पण फोटो मोठा करून बघा: प्रत्येक पार्सलवर नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल. दिवाळीत कोण कुठे राहतं, याची यादीच तुम्ही जाहीर केली. पार्सल उलटी ठेवून फोटो काढा, काम तेवढंच. गिऱ्हाइकाने छान अभिप्राय लिहिला म्हणून चॅटचा स्क्रीनशॉट टाकताना नंबर आणि डीपी खोडा, आणि आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि विचारलं याचंच त्यांना बरं वाटतं.

प्रदर्शनातला लकी ड्रॉचा डबा तुम्हाला माहीतच आहे. नाव, मोबाईल, पत्ता, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस. बक्षीस काय, तर स्टीलचा डबा. आयोजक दुसऱ्या दिवशी मंडप काढतात आणि चिठ्ठ्यांची पिशवी कचऱ्यात जाते. तुम्ही ड्रॉ ठेवलात तर नाव आणि मोबाईल एवढंच घ्या, आणि सोडत झाली की चिठ्ठ्या फाडून टाका. जन्मतारखेचं तुम्हाला काय काम?

ऑर्डर घ्यायला गुगल फॉर्म वापरणारे आता बरेच जण आहेत, चांगलंच आहे. पण फॉर्मची जी शीट तयार होते ती "लिंक असलेल्या कुणालाही दिसेल" अशी ठेवू नका. डिलिव्हरीच्या पोराला पूर्ण शीट पाठवू नका, त्या दिवसाचे पाच पत्ते पाठवा. सण संपला की हिशेबाला लागतं तेवढं ठेवून बाकीचं काढून टाका.

हे फक्त सभ्यतेचं बोलणं नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. माहिती सांभाळली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुमच्या-माझ्यावर कुणी २५० कोटी लावणार नाही, घाबरू नका. पण माहिती कशाला घेतो हे सांगायचं, लागते तेवढीच घ्यायची, मागितलं तर पुसायची, ही सवय आजपासून लागली तर पुढे जड जाणार नाही.

पैसे गेलेच तर

त्या ताईंनी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. नवरा काय म्हणेल, गटातल्या बायका काय म्हणतील. तिसऱ्या दिवशी मला फोन केला, मग आम्ही १९३० ला केला. तक्रार नोंदली गेली, पण तोवर पैसे पुढे फिरून काढले गेले होते. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. लवकर कळवलं तर पैसे ज्या खात्यात गेले तिथे थांबवता येण्याची शक्यता असते. चोर मिनिटांत हलवतो, म्हणून तुम्हीही तासांचा हिशेब करा, दिवसांचा नको. फोन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. हाताशी ठेवायचं: व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर, तारीख-वेळ, रक्कम, समोरच्याचा नंबर, आणि चॅट. चॅट रागाने डिलीट करू नका, पुरावा आहे तो.

त्याच वेळी बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पिन तुम्ही स्वतः टाकला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कळवायचं दोन्ही बाबतीत लगेच. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकलेले असतात. कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. साइट बघायची तर, बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते "डॉट बँक डॉट इन" वर न्यावेत असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं, तेव्हा शेवटी ते आहे का बघा. माल आलाच नाही किंवा भलताच आला, अशी खरेदीची तक्रार असेल तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

ताईंनी ते १०,००० रुपये पुढच्या चार महिन्यांत रविवारच्या पुरणपोळ्या विकून भरून काढले. गटाचा एकही हप्ता चुकवला नाही. या वर्षी मोठ्या ऑर्डरचा फोन आला की त्या एवढंच म्हणतात, "दादा, ॲडव्हान्स दुकानात येऊन द्या, चकली चाखून जा." निम्मे फोन तिथेच कट होतात. उरलेले येतात, चाखतात आणि ऑर्डर देऊन जातात.

तुमच्याकडे असा काही अनुभव घडला असेल तर व्हिडिओखाली लिहा, फक्त कुणाचा नंबर टाकू नका बरं का. पुढच्या भागात बघू, भाऊबीज उलटून गेल्यावर उरलेल्या मालाचं काय करायचं ते.